भागाबाईची जनावरं आणि माझी वही

आमच्या भिलाईतल्या रिसालीच्या मराठी मंडळाने वार्षिक अंकासाठी ‘आपल्या गल्लीतलं माणूस’ लिहून मागितलं आहे. माझ्या डावीकडच्या घराला तीन वर्षं कुलूप आहे. उजवीकडे भागाबाई राहते. म्हणून भागाबाईवर लिहिते. तिच्यावर प्रेम आहे म्हणून नव्हे.

मंडळाच्या बायका तिला ‘स्पष्टवक्ती’ म्हणतात. स्पष्टवक्तेपणा वेगळा आणि समोरच्याला टोचून समाधान मिळवणं वेगळं. भागाबाई दुसऱ्या प्रकारात मोडते. तोंडावर मी तिला अहो-जाहो करते, कारण मला तसं शिकवलं आहे. वहीत ती ‘ती’ आहे, आणि हे सगळं मी वहीतून काढूनच लिहिते आहे. नागपूरला मिशनच्या शाळेत होते तेव्हा आमच्या सिस्टरने सवय लावली होती: आधी तारीख, मग हवामान, मग काय घडलं ते, आणि जागा उरली तर आपलं मत. त्याला साठ वर्षं झाली. भागाबाईच्या बाबतीत मताला जागा कधी कमी पडली नाही.

ती आमगावकडच्या एका खेड्यातली. चौथी पास. सतराव्या वर्षी शामरावांशी लग्न झालं. शामराव रेल्वेत गेटमन होते आणि दुर्गच्या अलीकडे एका फाटकाजवळच्या एका खोलीत या दोघांनी बावीस वर्षं काढली. त्या खोलीतून ती दोन गोष्टी घेऊन आली. एक तिचा आवाज, जो मालगाडीच्या वर ऐकू जावा इतका मोठा आहे. दुसरी गोष्ट म्हणजे नंबर.

रेल्वेच्या फाटकावर असा नियम असतो की स्टेशनवरून गाडी येतेय म्हणून फोन आला की गेटमनने फाटक लावायचं आणि एक गुप्त नंबर सांगायचा. दोन्हीकडच्या वहीत तो लिहिला जातो. नंबर मिळाला नाही तर स्टेशनमास्तर गाडी सोडत नाही. नुसत्या ‘लावलं हो’ला तिथे काही किंमत नाही. शामराव एकदा तापाने फणफणले होते, बदलीचा माणूस पोचला नव्हता, तेव्हा भागाबाईने दांडा खाली आणणारा चरखा फिरवून फाटक लावलं आणि शामरावांनी जमिनीवर बसून फोनवर नंबर दिला. गाडी वीस मिनिटं आली नाही. फाटकाशी नवरदेवाची गाडी उभी. मुहूर्त टळत होता. वऱ्हाडी विनवण्या करून थकले, मग शिव्यांवर आले. तिने फाटक उघडलं नाही. “नंबर गेला म्हंजे गेला. मंग नवरदेव असो का यमराज असो.” ही गोष्ट मी भिंतीपलीकडून अकरा वेळा ऐकली आहे. तारखा आहेत. प्रत्येक वेळी वऱ्हाडी वाढत जातात.

निवृत्तीनंतर त्यांनी रिसालीत घर बांधलं, आणि दुसऱ्याच वर्षी शामराव गेले. वरची खोली तिने भाड्याने दिली. तिथल्या कुटुंबाची राउरकेल्याला बदली झाली तेव्हा ते लोक जाताना एक खोका विसरले, म्हणजे मुद्दाम ठेवून गेले. खोक्यात दोन जनावरं. उंदरापेक्षा मोठी, सशापेक्षा लहान, शेपटीचा पत्ता नाही. गिनीपिग हे नाव तिला दुकानदाराकडून कळलं. भाडेकरणीने दोघी बहिणी आहेत म्हणून चिठ्ठी लिहिली होती. दोन महिने झाले आणि बहिणींना तीन पिल्लं झाली, अंगावर पूर्ण केस, डोळे उघडे, जन्मल्या दिवशी पळायला लागलेली. पावसाळा संपेपर्यंत तेरा.

पहिल्याच मे महिन्यात त्यातली पाच मेली. भिलाईत कोणाला काहीही हवं असलं की तो वेल्डिंग करून घेतो. हिनेही हथखोजच्या एका वर्कशॉपमधून लोखंडी जाळीचा आणि वरून पत्र्याचा पिंजरा बनवून घेतला होता. पत्रा तापला. जाळीने पाय सोलले. तेव्हापासून तिने मागच्या व्हरांड्यात जमिनीवर विटांचं आळं केलं, खाली गोणपाट आणि वाळलं गवत, वर ओल्या पोत्यांचे पडदे. एवढं करून ती गप्प बसली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. ती पिल्लं विकायला लागली आणि सगळ्या रिसालीला शहाणपण शिकवायला लागली.

मी महापालिकेत दोन अर्ज दिले. घाण वास येतो असं लिहिलं. खरं सांगायचं तर वास येत नव्हता. आवाज यायचा. तिच्या घरात कोणी भाजीची पिशवी नुसती उचलली तरी ती वीस जनावरं एकदम शिट्ट्या मारायची, आणि भिंतीपलीकडे मी चहा घेताना दचकायची. पण आवाजाची तक्रार कोणी घेत नाही, म्हणून वास लिहिला. अर्जांचं काही झालं नाही. भागाबाईला मात्र ते कळले. तेव्हापासून मी ‘वहीवाली बाई’ झाले.

आता निशाकडे येते. निशा माझी नात, नरेशची मुलगी. नरेश कोरब्याला असतो, ती कॉलेजसाठी माझ्याकडे राहते. ह्यांना जाऊन आठ वर्षं झाली, घरात दुसरं कोणी नाही. गेल्या दिवाळीनंतर निशाने गिनीपिगचा हट्ट धरला. मी म्हटलं, दुर्गला दुकानात मिळतात. ती म्हणाली, “आजी, दुकानातले बीमार असतात. भागाबाईंकडचेच घ्यायचे. तू नको येऊ पाहिजे तर.”

मी गेले. कोणाकडून काय घेतो ते आपण बघायला नको?

भागाबाईने आम्हाला व्हरांड्यात उभं ठेवलं. बसा म्हणाली नाही. निशाला तिने विचारलं, खोलीत कूलर आहे का, मांजर येतं का, गावाला गेलीस तर कोण बघेल. मुलगी दाखवायला नेली आहे असं वाटलं मला. मग ती म्हणाली, “पाह्य कोणतं पाहिजे थे.”

आळ्यात गडबड उडाली. आम्ही वाकल्याबरोबर सगळी इकडून तिकडे पळाली. एक तेवढं कोपऱ्यात शांत बसून होतं. पांढरं, गोल, डोळे अर्धे मिटलेले. मला ते आवडलं. बाकीच्यांसारखा उच्छाद नाही.

“हे घे,” मी निशाला म्हटलं. “हे शहाणं दिसतं.”

भागाबाई हसली. तिचं हसणं म्हणजे नाकातून सोडलेली हवा.

“शहाणं नाही जी थे. आजारी हाय. सकाळपासून थेच पाहून राहिली मी. तुमच्या मिशनच्या शाळेत गप बसलं का पहिला नंबर देत असन. जनावरात गप बसन थो पहिले मरते.”

“मी फक्त मत सांगितलं,” मी म्हटलं.

“मत तुमच्यापाशीच ठेवा. वहीत लिवा.”

मग तिने निशाला निवडायला शिकवलं आणि मला तिथे उभं राहून ऐकावं लागलं. हात घातल्यावर पळतं ते चांगलं. डोळे ओले नकोत, नाक कोरडं हवं, मागची बाजू स्वच्छ हवी. हातात घेतलं की पेरूएवढं भरीव लागलं पाहिजे, कापसासारखं नाही. पुढचे दात सरळ आहेत का, पायाचे तळवे सोललेले नाहीत ना. आणि एकटं ती कधीच देत नाही. दोन माद्या, एकाच वेताच्या. “एकटं ठेवलं का बोलत नाही, खात नाही. भिंतीकडं तोंड करून बसते.” हे म्हणताना तिने माझ्याकडे का पाहिलं ते मला माहीत आहे.

निशाने दोन घेतल्या. तपकिरीचं नाव वेलची, काळीचं लवंग. निघताना भागाबाईने तिच्या कानात काहीतरी सांगितलं.

“नंबर देल्ला पोट्टीले,” मला म्हणाली. “ज्याच्यापाशी नंबर, त्याचं जनावर. काई झालं, फोन केला, तर पहिले नंबर इचारीन. नाही सांगतला का फोन ठेवून देईन. आन माह्या जनावराचे हाल केले तर वापस घेऊन जाईन, मंग पोलिसात जा नाही तं नगर निगममधी. अर्ज लिवता येतेच तुमाले.”

पाच महिने काही झालं नाही. निशा बघायची, मी फक्त लिहायची. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोघींचं वजन. मग एप्रिलमध्ये निशाला अडीच महिन्यांच्या ट्रेनिंगला पुण्याला जावं लागलं.

“भागाबाईंकडे ठेवते दोघींना,” ती म्हणाली.

“काही गरज नाही,” मी म्हटलं. “मी मुलगा वाढवलाय. दोन उंदीर बघू शकत नाही?”

“आजी, उंदीर नाहीत ते. और सुन, जैसा लिखा है वैसाच करायचं. प्रॉमिस?”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, अठरा जूनला तू येशील तेव्हा दोघी तुझ्या हातात देईन. तारीख सहा एप्रिल. आकाश निरभ्र, वारा नाही.

तिने यादी लिहून फ्रिजवर लावली होती. गवत दिवसभर. पाणी दोनदा बदलायचं. मोठी वाटीभर हिरवी भाजी सकाळ-संध्याकाळ, धुऊन. ती गेल्यावर मी ‘धुऊन’ हा शब्द खोडला आणि वर ‘उकळून’ लिहिलं.

त्याचं कारण सांगते. आठ वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत कावीळ पसरली होती. पाण्याच्या नळात कुठेतरी गटाराचं पाणी मिसळत होतं. ह्यांना बाहेरचं काही खायची सवय नव्हती. एकदा पाहुण्यांच्या घरी कोथिंबीर-कांद्याची कोशिंबीर खाल्ली, एवढंच. मग कावीळ धरली आणि अकरा दिवसांत गेले. तेव्हापासून माझ्या घरात कच्चं काही येत नाही. कोथिंबीरसुद्धा मी उकळत्या पाण्यातून काढते. निशा नाक मुरडते, पण खाते. जे माझ्या नातीला चालतं ते तिच्या जनावरांना का चालू नये? उलट मला वाटलं, भागाबाई करत नाही इतकी स्वच्छता मी करते आहे.

रोज सकाळी सहा वाजता पातेलं चढायचं. लाल भाजी, पालक, गाजर, कोथिंबीर, सगळं दोन उकळ्या काढून, गार करून. पहिले काही दिवस दोघी नुसत्या हुंगायच्या. मग थोडं खायच्या. गवत उतई गावाहून येणारा दूधवाला आणायचा, भागाबाईकडून मी घेणार नव्हते. कूलर दुपारभर चालू. रविवारी वजन. बारा एप्रिल, वेलची ८१०, लवंग ७६५. एकोणीस एप्रिल, वेलची ७८५, लवंग ७२०. सव्वीस एप्रिल, ७५०, ६५५. पुढे माझा शेरा: उन्हाळ्यामुळे.

एकोणतीस एप्रिलला सकाळी लवंग आडवी होती. पाय ताठ. कढीपत्त्याच्या झाडाखाली खड्डा मीच केला. वहीत लिहिलं: लवंग गेली. निशाला कळवलं नाही. पुढे आणखी एक ओळ आहे: भागाबाईला कळू द्यायचं नाही.

तिला संध्याकाळीच कळलं. मी भाजी चिरत होते आणि भिंतीपलीकडून आवाज आला.

“वो वहीवाल्या बाई! एकच शिटी येऊन राहिली. दुसरी कोठी गेली?”

“झोपली असेल,” मी म्हटलं.

“भाजीच्या वक्ताले?”

“जनावर आहे. झोपलं तर झोपलं.”

भागाबाई गप्प राहिली की तिने ओरडलेलं बरं असं वाटतं.

आता वेलची तरी वाचवायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. एक मेली हे निशाला कसंतरी सांगता आलं असतं. दोघी मेल्या हे सांगता येणार नव्हतं. मी पातेलं आणखी नीट घासायला लागले. कशाचा तरी संसर्ग असेल म्हणून उकळ्या दोनाऐवजी चार काढल्या.

तीन मेला वेलची उठेना. मागचे पाय ओढत होती. उचलायला गेले तर अशी किंचाळली की माझे हात आपोआप मागे आले. हिरड्यांशी रक्त होतं. रिक्षा करून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण होता, प्रामाणिक होता. म्हणाला, “माताजी, हम गाय-भैंस और कुत्ता देखते हैं। ये तो मैंने किताब में ही देखा है। जिससे लिया है, उससे पूछिए।”

मी घरी येऊन भागाबाईला फोन लावला. आमच्या दोन घरांत चार फुटांची भिंत आहे आणि मी फोन लावला. समोरासमोर जाण्यापेक्षा ते बरं वाटलं.

“नंबर?” ती म्हणाली.

“अहो, मी सिंधुताई बोलतेय. शेजारून.”

“आवाज वळखू येऊन राहिला. नंबर सांगा.”

“माझ्याकडे नंबर नाही. निशाकडे आहे.”

फोन बंद. मी वेलचीची टोपली उचलली आणि भिंतीशी गेले.

“वेलची उठत नाही,” मी मोठ्याने म्हटलं. “पाय ओढते. रक्त येतंय तोंडातून.”

ती भांडी घासत होती. हात न धुताच आली. भिंतीवरून टोपली घेतली, वेलचीच्या पोटाखाली तळवा घातला आणि तिच्या तोंडाला तोंड लावावं इतकं जवळून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“दुसरी मेली ना?”

“हो.”

“कधी?”

“एकोणतीसला.”

“तुमाले इचारलं होतं मी. झोपली म्हनलं तुम्ही.” आणि मग, “वही आना.”

“कशाला?”

“वही आना म्हनलं ना! गाडी घसरली का पहिले वही पाहतेत. आना.”

मी वही आणली. तिने सहा एप्रिलपासून वाचायला लावलं. भिंतीच्या एका बाजूला मी उभी, दुसऱ्या बाजूला ती, हातात माझ्या नातीचं जनावर. उन्हाने भिंत तापलेली. गल्लीतल्या दोन बायका आपापल्या फाटकात येऊन उभ्या राहिल्या. मी वाचत गेले. हवामान. कूलर किती वाजता लावला. पाणी किती वेळा बदललं. सात एप्रिल, लाल भाजी उकळून, गार करून. आठ एप्रिल, पालक उकळून, गार करून. नऊ एप्रिल, कोथिंबीर, गाजर, उकळून.

“थांबा,” ती म्हणाली. “सांबारही उकळला?”

“कोथिंबीरच काय, सगळंच उकळते मी.”

“कावून?”

मी वहीचं पान उलटलं. ह्यांची गोष्ट तिला सांगायची नव्हती.

“कावून म्हनते मी! बह्याड हाय का तुम्ही? याहिले कच्चं लागते. हिरवं, कच्चं. आपल्यासारखं याच्या अंगात थे बनत नाही. कच्चं भेटलं नाही तं हाडं धरतेत, दात हालतेत, तोंडातून रक्त येते. थे पोट्टीले मी दोनदा सांगतलं. तिनं लिवलं नव्हतं?”

“लिहिलं होतं. मी खोडलं.”

फाटकातल्या बाया हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

“वजन?” भागाबाईने विचारलं. मी वाचलं. आठशे दहा. सातशे पंच्याऐंशी. सातशे पन्नास. लवंगचंही वाचलं.

“लिवलं तं सारंच,” ती म्हणाली, “पाह्यलं काईच नाही.” आणि वेलचीला पदरात गुंडाळून आत गेली. दार लावून घेतलं.

त्या दिवशीच्या पानावर मी हवामान लिहिलेलं नाही. साठ वर्षांत असं एकच पान आहे.

पुढचं मला भिंतीवरून जे दिसलं आणि जे तिने ओरडून सांगितलं तेवढंच माहीत आहे. शेवग्याचा पाला, कच्चा आवळा किसून, जामाच्या म्हणजे पेरूच्या फोडी, शिमला मिरची, सांबाराची जुडी देठांसकट. औषधाच्या दुकानातून ‘क’ जीवनसत्त्वाचे थेंब, ते पिचकारीने गालात. पहिले चार दिवस दर दोन तासांनी गवताची पूड पाण्यात कालवून भरवली, कारण या जनावराचं पोट रिकामं राहिलं की बंदच पडतं. झोपेचा हिशेब तिने मला ऐकवलाच. “तीन रात्री डोळा लागला नाही मले. तुमाले लागला असन.” मलाही लागला नव्हता. पण ते मी तिला सांगितलं नाही.

आठव्या दिवशी वेलची चालली. पंधराव्या दिवशी मी भाजी चिरत होते आणि भिंतीपलीकडून बारीक शिटी आली. वीस जनावरांच्या शिट्ट्यांतून मला ती ओळखू आली. याचं मलाच आश्चर्य वाटलं.

चोवीस मेला मी साडी बदलून, पुढच्या दाराने, रीतसर तिच्याकडे गेले. म्हटलं, तुम्ही केलंत त्याबद्दल आभारी आहे, आता वेलची द्या.

“नंबर?”

“भागाबाई, तुम्हाला माहीत आहे मी कोण आहे.”

“माहीत हाय म्हनूनच इचारून राहिली.”

“मी यादीप्रमाणे करीन. कच्चं देईन.”

“तवा बी यादी होती.”

“अठरा जूनला निशा येणार आहे. मी तिला शब्द दिलाय.”

“दोघीचा देल्ला होता ना? एक तं गेली.” तिने दाराची कडी हातात धरून ठेवली होती. “पोट्टीले फोन करा. नंबर घ्या. नंबर सांगतला का देऊन देईन. मी काई बेइमान नाही.”

म्हणजे निशाला सांगावं लागणार होतं. भागाबाईला ते पक्कं माहीत होतं. फाटकावरच्या नवरदेवाला जसं उभं ठेवलं, तसं तिने मला उभं ठेवलं होतं आणि तिला त्याची मजा येत होती. हे माझं मत नाही. तिच्या नाकातून हवा सुटलेली मी ऐकली.

दोन दिवस मी फोन केला नाही. मग केला. निशाला आधी नंबर विचारला.

“क्यों? क्या हुआ आजी?”

मी सांगितलं. तारखेप्रमाणे सांगितलं, कारण मला दुसरं येत नाही. खोडलेला शब्दही सांगितला.

“लवंगला जाऊन महिना झाला?” ती म्हणाली.

“सत्तावीस दिवस.”

“आणि मी रोज फोनवर विचारत होते. तू म्हणायचीस, मजेत आहेत.”

“हो.”

“नंबर मी नाही सांगणार, आजी. मी आल्यावर बघते.”

ती मला कधी असं बोलल्याचं माझ्या वहीत नाही.

अठरा जूनला ती आली. ढगाळ, पाऊस नाही. बॅग दारात ठेवली, मला नमस्कार केला आणि सरळ शेजारी गेली. मी कढीपत्त्यापाशी उभी राहिले. तिथून व्हरांडा दिसतो. निशाने भागाबाईच्या कानाशी काही सांगितलं, भागाबाईने मान हलवली आणि वेलचीला उचलून तिच्या हातात दिलं. भागाबाई शब्दाची पक्की आहे. हे लिहायला मला आवडत नाही. निशा वेलचीला गळ्याशी धरून बराच वेळ बसली. मग तिने वाकून तिला परत आळ्यात सोडलं. तिथे एक करडी मादी होती, तिने वेलचीचं नाक हुंगलं आणि दोघी पोत्याच्या पडद्यामागे गेल्या.

“हिची जोडी जमली जी,” भागाबाई माझ्यापर्यंत पोचेल इतक्या आवाजात निशाला सांगत होती. “आता तोडू नोको. आन तिकडं नेली का थे वहीवाली फिरून पातेलं चढवन.”

निशाने उलट उत्तर दिलं नाही. मला वाटलं होतं ती देईल.

जेवताना ती एवढंच म्हणाली, “वेलची तिकडेच राहील.” मी बरं म्हटलं. पानात तिच्यासाठी मी कच्ची काकडी ठेवली होती, उकळलेली नाही, तीन पाण्यांनी धुतलेली. तिने ती पाहिली. खाल्ली.

जुलैमध्ये तिला रायपूरला नोकरी लागली. शनिवार-रविवार येते. पहिल्यांदा निघताना रिक्षात बसली, मग उतरून परत आत आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, “सत्तेचाळीस. मी नसते तेव्हा तिला भाजी देत जा.”

हे तीन महिन्यांपूर्वीचं. भागाबाईशी माझं बोलणं अजून नाही, मंडळाच्या बायकांनी गैरसमज करून घेऊ नये. तिच्या कूलरचं पाणी अजून माझ्या अंगणात येतं आणि मी तारखा लिहिते. ती माझ्या उकळण्याची गोष्ट प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगते. आतापर्यंत सात वेळा ऐकली. तिच्या सांगण्यात पातेलं मोठं होत चाललं आहे.

मी संध्याकाळी पाच वाजता भाजी चिरते, कोथिंबीर निवडते. माझ्या सुरीचा आवाज होताच पलीकडून वेलची शिटी मारते, तिला अजून वाटतं हे तिच्यासाठी आहे. मग मी जुडी घेऊन भिंतीशी जाते. भागाबाई तिकडून येते, हात पुढे करत नाही, आधी विचारते.

“नंबर?”

“सत्तेचाळीस.”

“उकळली?”

“धुतली.”

ती एक पान तोडते, चावून बघते, आणि म्हणते, “ठेवा भिंतीवर. आन जा.”